देवे गोरोदे वीस वर्षं सरकारात कशा टिकल्या? भित्तिपत्रकासाठी माहिती हवी

मोहफूल (कुरखेडा)
आमच्या गावच्या वाचनालयात 9 ऑगस्टच्या आदिवासी दिनाचं भित्तिपत्रक यंदा न्यू कॅलेडोनियाच्या (प्रशांत महासागरातला, फ्रान्सच्या ताब्यातला बेटांचा प्रदेश) कनाक, म्हणजे तिथल्या मूळनिवासी, लेखिका देवे गोरोदे यांच्यावर काढतो आहोत. 1999 ते 2019 त्या तिथल्या सरकारात होत्या. त्या स्वातंत्र्य मागणाऱ्या कनाक मुक्ती पक्षाच्या, अन् त्या काळातले सातही अध्यक्ष फ्रान्ससोबतच राहू म्हणणारे. पक्ष न बदलता हे जमलं कसं? पोरं पहिले हेच विचारतील.

वर्धाकाठ
ताई, तिथे अध्यक्ष मंत्री नेमत नाही, सगळी मेख यातच आहे. 5 मे 1998 च्या नूमेआ कराराने (फ्रान्स सरकार, स्वातंत्र्यवादी आणि फ्रान्ससोबत राहू म्हणणारे यांच्यातला) सत्ता वाटून घ्यायचं ठरलं. तिथल्या विधिमंडळाला काँग्रेस म्हणतात. सदस्य 54: दक्षिण प्रांताचे 32, उत्तरेचे 15, लॉयल्टी बेटांचे 7. सरकार 5 ते 11 जणांचं, नेमके किती ते काँग्रेस ठरवते. मग गट आपापल्या याद्या देतात आणि सदस्य यादीला मत देतात.

जागांचं गणित असं: प्रत्येक यादीच्या मतांना 1, 2, 3, 4 ने भागत जायचं आणि सरकार 11 जणांचं असेल तर आलेल्या आकड्यांतले सर्वांत मोठे 11 घ्यायचे. समजा तीन याद्यांना 26, 18 आणि 10 मतं पडली. पहिलीचे 26, 13, 8.67, 6.5, 5.2 बसतात, म्हणजे 5 जागा. दुसरीचे 18, 9, 6, 4.5, म्हणजे 4. तिसरीचे 10 आणि 5, म्हणजे 2. दहाच मतं असलेला गटही हक्काने सरकारात येतो, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. हे गणित पत्रकावर टाकाच.

निवडून आलेले सदस्य नंतर आपल्यातूनच अध्यक्ष निवडतात, ग्रामपंचायत सदस्य उपसरपंच निवडतात तसे. सरकारात गेलं की काँग्रेसची जागा सोडावी लागते.

पळसगावकर
ही घडी कुठे मोडते तेही लिहा. एकाने राजीनामा दिला तर त्याच यादीतलं पुढचं नाव येतं. पण यादीतलं कुणीच यायला तयार नसेल तर अख्खं सरकार पडतं. 2011 मध्ये हे हत्यार इतक्यांदा उपसलं गेलं की पॅरिसच्या संसदेने कायदा बदलला: एकदा असं पाडल्यावर पुढचे 18 महिने तोच मार्ग बंद.

दुसरी अडचण अध्यक्षपदाची. 17 फेब्रुवारी 2021 ला 11 जणांचं सरकार निवडून आलं, त्यात 6 स्वातंत्र्यवादी. बहुमत हातात, पण तीन-तीनचे दोन गट पडले आणि अध्यक्ष कुणाचा यावर अडून बसले. त्यांच्यातलेच लुई मापू अध्यक्ष म्हणून निवडून आले ते थेट 8 जुलैला.

गोंडवन
गणित बरोबर आहे, पण पत्रकावर माणूसही दिसला पाहिजे. जन्म 1949, पूर्व किनाऱ्यावरचं पोनेरिहुएं, भाषा पैची, कनाक भाषांपैकी एक. फ्रान्समध्ये मोंपेलिएला साहित्य शिकल्या. सत्तरच्या दशकात आंदोलनापायी तुरुंगात गेल्या, 1976 ला पक्षाच्या संस्थापकांत होत्या. पहिला कवितासंग्रह 1985 चा. 2005 ची त्यांची कादंबरी कनाक लेखणीतली पहिली मानतात. 2001 ते 2009 उपाध्यक्ष. 2004 ला अध्यक्षपदी मारी-नोएल तेमेरो आल्या, म्हणजे वरची दोन्ही पदं बायांकडे. निधन 14 ऑगस्ट 2022.

खाती मुख्यतः संस्कृती, महिला आणि नागरिकत्व. संस्कृती म्हणजे दुय्यम खातं असं समजू नका. नूमेआ कराराचा गाभाच कनाक ओळख हा आहे. त्यांच्याच काळात, 2007 ला, कनाक भाषांची अकादमी उभी राहिली. तिथे अशा 28 भाषा आहेत. आपली गोंडी अजून आठव्या अनुसूचीत नाही, तेव्हा हा भाग ठळक अक्षरात घ्या.

मोहफूल (कुरखेडा)
लई उपयोग झाला, भाऊ. तिथे रूढी-परंपरेचं वेगळं सभागृह आहे म्हणतात. पेसाच्या ग्रामसभेसारखं लिहू काय?

वर्धाकाठ
नका लिहू. रूढी सिनेट सगळ्या प्रदेशाची मिळून एकच आहे: 8 रूढी-क्षेत्रं, प्रत्येकी 2, एकूण 16 सदस्य. कनाक ओळखीच्या विषयांवर तिचं मत घ्यावं लागतं, पण शेवटचा शब्द काँग्रेसचा.