मदत हवी आहे: क्रूझच्या आधी व्हेनिस, आईचा गुडघा आणि शिप सुटणार रावेन्नाहून

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी, नवरा, बारा वर्षांची मुलगी आणि माझी आई (वय ७१) असे चौघं क्रूझला चाललोय, सात रात्री, क्रोएशिया, कोटोर (माँटेनेग्रो) आणि ग्रीस. कोटोर शेंगेनच्या (युरोपातल्या एकाच व्हिसाच्या देशांच्या) बाहेर येतं म्हणून व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा घेतलाय, तो प्रश्न मिटला. पण बुकिंग करताना एजंटने व्हेनिसहून सुटते एवढंच सांगितलं होतं आणि आता कागद हातात आल्यावर बघते तर बंदराचं नाव रावेन्ना! शोधाशोध केल्यावर कळलं की १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या शिपना व्हेनिसच्या सान मार्को चौकासमोरच्या कालव्यातून जायला बंदी आहे. शहर जपायचं तर ते बरोबरच आहे, तक्रार नाही, पण आमची शिप त्यामुळे दीडशे किलोमीटरच्या आसपास लांब उभी असणार, आणि तीसुद्धा रावेन्ना शहरात नाही, पोर्तो कोर्सिनी म्हणून समुद्राकाठी गाव आहे तिथे.

विमान गुरुवारी दुपारी मार्को पोलो विमानतळावर उतरतं (तिकिटावर हे नाव वाचूनच आई हरखली), शिप रविवारी संध्याकाळी ५ ची, चेक-इन साडेतीनला बंद.

आता आईबद्दल सांगते म्हणजे मी एवढी जीव काढून का विचारतेय ते कळेल. ती ठाण्यात शाळेत ३१ वर्षं इतिहास शिकवायची आणि दर वर्षी मुलांना सांगायची की मार्को पोलोने आपल्या ठाण्याबद्दल लिहून ठेवलंय, इथून कातडी आणि सुती कापड बाहेर जातं, धूप मिळतो, आणि इथल्या राजाचं समुद्रातल्या चाच्यांशी साटंलोटं आहे, जहाजातले घोडे राजाला आणि बाकीचा माल चाच्यांना. मला तर हे अजून तिच्या आवाजात ऐकू येतं. तिला व्हेनिसमधे बाकी काही नाही दिसलं तरी चालेल म्हणते, मार्को पोलोचं घर जिथे होतं त्या जागी एकदा उभं राहायचंय.

मार्चमधे तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सपाट रस्त्यावर अर्धा-पाऊण किलोमीटर सावकाश चालते, पायऱ्या मात्र कठडा धरून आणि मोजक्याच. आणि व्हेनिसमधे चारशेच्या वर पूल, जवळपास सगळ्यांना पायऱ्या! वर आमच्या चार मोठ्या बॅगा.

तर राहायचं मेस्त्रेला (व्हेनिसचा बेटाबाहेरचा, जमिनीवरचा भाग) स्टेशनजवळ की बेटावरच? मेस्त्रेला स्वस्त आहे आणि ट्रेनने दहा-बारा मिनिटांत पोचता येतं पण मग रोजची येजा आईला जमेल का? मार्को पोलोच्या जागेपर्यंत कमीत कमी पूल लागतील असा रस्ता कुणाला माहितीये का? रविवारी सकाळी ट्रेनने थेट रावेन्ना गाठावं की आदल्या दिवशीच जावं? आणि गोंडोला आईला झेपेल का, मुलीचा हट्ट आहे.

---

प्रतिसाद:

ताई, मी मिलानला राहते, दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना (संधिवात) घेऊन व्हेनिस केलंय म्हणून लिहिते.

बेटावरच राहा, पण सांता लुचिया स्टेशनच्या बाजूला लिस्ता दि स्पान्या नावाचा रस्ता आहे तिथे बघा, स्टेशनपासून तिथवर एकही पूल नाही. विमानतळाहून बसने पियाझ्झाले रोमाला उतरलात की समोर काचेचा मोठा पूल दिसेल, त्यावर बॅगा घेऊन अजिबात चढू नका, वापोरेत्तोने (बससारखी चालणारी बोट) एकच स्टॉप पलीकडे जा. आईंना दुपारी खोलीवर येऊन पाय वर करून पडता येईल, मेस्त्रेला राहिलात तर ते होणार नाही, मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

वापोरेत्तोचा ४८ तासांचा पास काढा. सुटं तिकीट ७५ मिनिटांना साडेनऊ युरो, परवडत नाही. १ नंबरची बोट ग्रँड कॅनॉलवरून रमतगमत जाते, व्हेनिस बघायचं तर हीच. सान मार्कोला वल्लारेसो स्टॉपला उतरा, तिथून चौकापर्यंत पूल नाही. सान झक्कारियाला उतरलात तर मधे पूल लागतो.

मार्को पोलोसाठी रिआल्टोला उतरा. रिआल्टोचा मोठा पूल चढायचा नाही, त्याच काठाने पुढे जायचं, मधे एक छोटा पूल आहे तेवढा हात धरून करावा लागेल. मालिब्रान थिएटर विचारा. ते १६७८ चं आहे, पोलोंच्या घराच्या जागेवर उभं आहे, घर जळून गेलं होतं. शेजारच्या चौकाचं नाव कोर्ते सेकोन्दा देल मिलिओन. भिंतीत जुनी दगडी कमान आहे, कोपऱ्यात शांतता असते, आईंना तिथे वेळ द्या, घाई करू नका.

गोंडोला दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, पूर्ण होडीचे, माणशी नाही. पण होडी खाली असते आणि हलते, चढताना गुडघ्यावर सगळा भार येतो. लेकीला बाबांबरोबर पाठवा, आई आणि तुम्ही काठावर बसा.

आणि रविवारचा धोका पत्करू नका! बोलोन्या किंवा फेरारात ट्रेन बदलावी लागते, तीनेक तास जातात, इटलीत संप झाला की सगळंच कोलमडतं. शनिवारी दुपारी निघून रावेन्नात रात्र काढा. सान व्हिताले चर्च ५४७ चं, आत सम्राट जस्टिनियन आणि थिओडोराची मोझाइक आहेत, सगळं सपाट, बाजूलाच रोमन सम्राज्ञी गाल्ला प्लाचिदियाची समाधी. इतिहासाच्या बाईंना हे बघून व्हेनिस फिकं वाटलं तर मला सांगा.

---

धागाकर्ती:

ताई, किती नीट लिहिलंत! आईला वाचून दाखवलं, कमानीचं ऐकून गप्पच झाली आणि मग म्हणाली जस्टिनियनवर तर मी पूर्ण तास घ्यायचे. शनिवारी रावेन्ना नक्की, नवऱ्यालाही पटलंय. लिस्ता दि स्पान्याला लिफ्ट असलेलं हॉटेल शोधतेय, जुन्या इमारतींत लिफ्ट नसते म्हणतात, तिथे कुणी राहिलं असेल तर प्लीज सांगा. आणि रावेन्नाहून पोर्तो कोर्सिनीला चार माणसं चार मोठ्या बॅगा, रविवारी आयत्या वेळी एवढी मोठी टॅक्सी मिळते का की आत्ताच बुक करून ठेवू?