चर्चा: इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ कराव्यात की फाडून टाकाव्यात?

पिंपळपान
इंग्रजी पेपर समजतो, ईमेल जमतो, पण अग्रलेख किंवा एखादा अहवाल हाती घेतला की अडखळायला होतं, अशा टप्प्यावरच्या लोकांसाठी हा धागा. या टप्प्यावर बहुतेक जण 'हजार अवघड शब्द' छापाची यादी उघडतात आणि डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अशी घोकंपट्टी सुरू करतात. माझं स्पष्ट मत: ती यादी फाडा.

कारण अर्थ पाठ झाला म्हणजे शब्द आला असं होत नाही. आपल्याकडे पाऊस पडतो, ऊन पडतं, थंडी पडते. मग मराठी शिकणारा परका माणूस 'वारा पडला' म्हणेल, आणि त्याला म्हणायचं असेल की वारा सुटला! 'पडणे'चा अर्थ त्याला ठाऊक होता, संगत ठाऊक नव्हती. मिटिगेट, अलिव्हिएट, अमेलिओरेट या तिघांपुढे यादीत 'कमी करणे, सौम्य करणे, सुधारणे' असं काहीतरी असतं. प्रत्यक्षात मिटिगेटबरोबर रिस्क, इम्पॅक्ट, डॅमेज येतात. अलिव्हिएटबरोबर पेन, पॉव्हर्टी, सफरिंग. अमेलिओरेटला कंडिशन्स किंवा सिच्युएशन लागते. पाठांतरवाला 'मिटिगेट माय हेडेक' लिहितो आणि आपण भारी लिहिलं म्हणून खूश होतो.

त्यापेक्षा एकच विषय धरून दोन महिने वाचा. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण वर्षातून सहा वेळा जाहीर होतं आणि निवेदनं फुकट वाचता येतात. रेझिलियंट, बॉयंट, हेडविंड्स, अकोमोडेटिव्ह हे शब्द त्यात पुन्हा पुन्हा आणि आपापल्या सोबत्यांसह भेटतात.

खडूस_गणिती
संगतीचा मुद्दा मान्य. पण 'वाचा, आपोआप येईल' यातलं गणित कोणी मांडत नाही, म्हणून मांडतो.

शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या 2006 च्या हिशेबानुसार लिखित इंग्रजीतले 98 टक्के शब्द ओळखीचे हवे असतील, म्हणजे पन्नासात एकच अनोळखी, तर 8000 ते 9000 शब्दकुळं लागतात. कूळ म्हणजे अ‍ॅक्ट, अ‍ॅक्टिव्ह, अ‍ॅक्टिव्हिटी हे सगळं मिळून एक. आता वारंवारतेत नऊहजाराव्या क्रमांकाचा शब्द ढोबळमानाने 90,000 शब्दांत एकदा भेटतो. म्हणजे तीनशे पानी कादंबरीत एकदा. मिनिटाला 200 शब्दांच्या वेगाने रोज अर्धा तास वाचलं तर 6000 शब्द होतात, म्हणजे दोन भेटींमध्ये पंधरा दिवस. तेवढ्यात तो विसरलेला असतो. विसरण्याचा हा उतार एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच मोजून ठेवलाय.

म्हणून उजळणीची कार्डं लागतातच. आन्की या कार्डांच्या अ‍ॅपमध्ये रोज 20 नवी कार्डं मूळ सेटिंगला असतात. ती आधी 8 वर आणा. नव्या कार्डांच्या साधारण दहापट उजळणी मागे लागते: 20 ठेवलीत तर महिन्याभरात रोज दोनशे कार्डं साचतात, लोक तीन दिवस बुडवतात, सहाशे झाली की अ‍ॅपच काढून टाकतात. पद्धतीला शिव्या मात्र कायमच्या. आठवर ठेवलं तर 80 उजळण्या, दहा-बारा मिनिटांचं काम.

पिंपळपान
गणित बरोबर, पण सरासरीचं आहे. एकाच विषयाचं वाचन सरासरी मोडतं. कादंबरीत नव्वद हजारांत एकदा भेटणारा 'अक्रू' (साचत जाणे) व्याजाबद्दलच्या लेखात एका पानावर तीनदा भेटेल.

खडूस_गणिती
आणि क्रिकेटवरच्या लेखात मुळीच भेटणार नाही. दोन महिन्यांनी विषय बदललात की तो परत पंधरा दिवसांवर. त्याला मध्यंतरी जिवंत ठेवायचं काम कार्डाचं.

उमेदवार_कायमचा
इथे दोघंही मोकळ्या वेळेचे धनी दिसताय. 😀 एसएससी सीजीएल या केंद्र सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, चुकीला अर्धा गुण वजा. समानार्थी, विरुद्धार्थी, शब्दसमूहाबद्दल एक शब्द हे त्यात असतातच. तिथे संगत नाही, चार पर्यायांतला एक ओळखायचाय. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतले शब्द परत येतात. तेवढ्यापुरती यादीच कामाची, आणि ती जुन्या प्रश्नपत्रिकांवरून स्वतः काढलेली. विकतच्या यादीत अर्धे शब्द कोणी कधी विचारत नाही.

धातुसाधित
तिघांनीही सगळ्यात सोपी वाट सोडली. इंग्रजीतले बरेच अवघड शब्द लॅटिनमधून आलेत, आणि लॅटिन व संस्कृत चुलत भावंडं आहेत, तेव्हा मराठी माणसाकडे अर्धा माल घरातच आहे. मृत ठाऊक असेल तर मॉर्टल आणि मॉर्टगेज, दंत असेल तर डेंटल, पाद असेल तर पेडल, पेडेस्ट्रियन. 'इम्पीड' मुळात पाय अडकवणे, म्हणजे थेट आपलं 'खोडा घालणे'! खोडा तरी दुसरं काय, पायच अडकवायचं लाकूड. आणि 'एक्स्पिडाइट' म्हणजे तोच पाय मोकळा करणं. एक धातू धरला की पाच-सहा शब्द हाताला लागतात.

खडूस_गणिती
मग पीडिअ‍ॅट्रिक्स म्हणजे पायाचा डॉक्टर का? ते 'पेड' ग्रीक, अर्थ मूल. पेडागॉगमधलंही तेच. आणि इनफ्लेमेबलमधला 'इन' नकाराचा समजून कोणी डब्याजवळ काडी ओढू नका, तो पटकन पेट घेणाराच पदार्थ. शब्द कळल्यावर तो लक्षात ठेवायला धातू उत्तम, अर्थ ओळखायला धोक्याचा. आधी कोश, मग व्युत्पत्ती.

धातुसाधित
हे मान्य. पण 'खोडा' वाचल्यावर आता इम्पीडसाठी कार्ड लागणार आहे का, ते सांगा.

मध्यलय
कार्डांच्या बाजूने असले तरी लोक कार्डं करतात ती पद्धत चुकीची आहे. पुढे 'अलिव्हिएट', मागे 'कमी करणे' हे कार्ड नव्हे, ती यादीच झाली, फक्त कापलेली. पुढच्या बाजूला वाक्य, त्यात गाळलेली जागा आणि पहिलं अक्षर: 'मेजर्स टू अ— रूरल पॉव्हर्टी'. मागे शब्द, उच्चार, आणखी दोन सोबती. वाक्य शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी कोशातून घ्या, स्वतः रचू नका, कारण चुकीची संगत एकदा पक्की झाली की निघत नाही.

दुसरं, पिंपळपान यांनी दिलेली ती तिघं एकाच दिवशी शिकू नका. टिंकहॅम (1993) आणि वेअरिंग (1997) यांच्या प्रयोगांत एका अर्थगटातले शब्द एकत्र दिल्यावर शिकायला जास्त फेऱ्या लागल्या, कारण ते एकमेकांत गुंततात. एक पक्का होऊ द्या, दोन आठवड्यांनी दुसरा. त्यात मिलिटेट (विरोधात जाणे) आला की आणखी गोंधळ. तो 'अगेन्स्ट' घेतो, मिटिगेट घेत नाही, आणि इथे इंग्रजही चुकतात.

कानसेन
सगळं डोळ्यांचं चाललंय. नुसत्या वाचनाने आलेला शब्द तोंडून निघाला की फजिती होते. 'एपिटोम' नाही, इपिटमी. 'हायपरबोल' नाही, हायपर्बली. सटलमधला बी मुका, आणि ए-डब्ल्यू-आर-वाय म्हणजे अराय, 'ऑरी' नव्हे. वहीत देवनागरीत उच्चार लिहिणाऱ्यांनो, आघात कुठे ते लिहिता का? 'कॉन्टेंट'चा पहिल्यावर दिला तर मजकूर, दुसऱ्यावर दिला तर समाधानी. देवनागरीत तो दिसत नाही, तेव्हा अक्षराखाली रेघ मारा. कार्डाला आवाज जोडणं त्याहून बरं.

उमेदवार_कायमचा
परीक्षेत उच्चार विचारत नाहीत हो.

कानसेन
मुलाखतीत?

पिंपळपान
मध्यलय यांच्या धर्तीची कार्डं असतील तर माझी हरकत नाही. फक्त कार्डाचं वाक्य वाचलेल्या मजकुरातच भेटलेलं असावं. तयार गठ्ठे उतरवून घेणं म्हणजे परत तीच यादी.

खडूस_गणिती
भाषा-अभ्यासक कॉक्सहेड यांची 2000 सालची, अभ्यासाच्या मजकुरातल्या 570 शब्दकुळांची यादी तेवढी अपवाद धरा. अभ्यासविषयक मजकुरात दर दहा शब्दांमागे साधारण एक तिच्यातला असतो. तिथे वाट बघत बसण्यात अर्थ नाही. आणि आठ वेळा चुकलेल्या कार्डावर आन्की खूण करतं, ते तसंच हट्टाने घोकत बसू नका. वाक्य बदलून नवं करा. बहुतेक वेळा दोष वाक्याचा असतो.