डी. फार्म. झालंय, सर्टिफिकेट मेडिकलला भाड्याने देऊ का?

शिरपूरची_ताई:
५०० तासांचं ट्रेनिंग संपवून गेल्या महिन्यात राज्य फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं. परवा जवळच्या गावातले एक मेडिकलवाले घरी आले होते. महिन्याला ४ हजार देतो, सर्टिफिकेट दुकानात लावू, तू यायची गरज नाही, म्हणाले. आजी म्हणते, "घर बसी पैसा येतस, मंग वाईट काय शे?" फीचं कर्ज डोक्यावर आहे. काय करू?

चोपडेकर:
माझ्या बॅचच्या दोघांनी दिलंय, अजून तरी काही झालं नाही. फक्त पैसे बँकेत घ्या, रोख नको.

यावलचा_केमिस्ट:
ताई, देऊ नका. बँकेत घेतले तर तुम्ही तिथे नोकरीला होतात याचा पुरावाच तयार होतो. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं, असं १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ सांगतं. ड्रग इन्स्पेक्टर आले आणि तुम्ही नसलात, तर मालकाचा परवाना थोडे दिवस बंद राहील. तुमचं नाव मात्र कलम ३६ खाली रजिस्टरमधूनच काढता येतं.

पण मी नको म्हणतोय ते एका आजींमुळे. पारोळ्याकडच्या. लग्नाला आमच्या गावी आल्या होत्या. तोंड आलंय, जेल द्या म्हणाल्या. पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. दुसरं काय चालू आहे विचारलं, तर पिशवीतून मेथोट्रेक्सेटची पट्टी काढली. संधिवाताची ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. पाकिटावर दुकानातल्या पोराने "रोज १" लिहिलेलं आणि पट्टीतल्या ९ गोळ्या संपलेल्या. काउंटरवरूनच त्यांच्या मुलाला फोन लावला, रात्रीच जळगावला ॲडमिट केलं. वाचल्या. त्या दुकानात फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट एका मुलीचं होतं, आणि ती तेव्हा पुण्यात नोकरी करत होती.

मी तेव्हापासून त्या पट्टीवर मार्करने "फक्त सोमवारी" लिहितो आणि पेशंटकडून मोठ्याने वाचून घेतो.

कर्जासाठी धुळ्यात नाहीतर जळगावात पूर्णवेळ काउंटरला उभ्या राहा. हात बसला की स्वतःचं टाका. किमान १० चौरस मीटर जागा, फ्रिज, आणि फॉर्म २०, २१ चा औषधविक्रीचा परवाना, त्यावर नाव तुमचंच. तेव्हा कागदपत्रांना मी मदत करीन.

शिरपूरची_ताई:
दादा, आजीला सगळं वाचून दाखवलं. तीही संधिवाताच्या गोळ्या घेते. उठून डबा घेऊन आली, एकेक पट्टी माझ्या हातात दिली. मेडिकलवाल्यांना "नाही" म्हणून कळवलंय. त्या पुण्याच्या मुलीचं पुढे काय झालं?

यावलचा_केमिस्ट:
जबाबाला तीनदा यावं लागलं. शेवटच्या वेळी वडील तिला घेऊन माझ्याकडे आले होते, आजींची तब्येत विचारायला. ती एकच सांगत होती, "काका, ती चिठ्ठी मी पाहिलीच नव्हती."