'उष्णता ४३ अंश' म्हणावं का?

प्रश्न (परभणीहून)

सातवीतल्या मुलीचा गृहपाठ घेत होतो. 'उष्णता व तापमान यांतील फरक लिहा.' मी म्हटलं, फरक कसला, आज आपल्या परभणीची उष्णता ४३ अंश, म्हणजे तापमानही तेवढंच. तिनं लगेच पकडलं. "मग आजी म्हणते अंगात उष्णता झाली, तेव्हा थर्मामीटर का चढत नाही?" मी गप्प. जाणकारांनी सांगावं, हे दोन शब्द नेमके कुठं वेगळे होतात?

उत्तर

आजीची उष्णता आधी बाजूला काढू. ती सब्जानं आणि धन्या-जिऱ्याच्या पाण्यानं उतरणारी. तिचं पाऱ्याशी देणं-घेणं नाही. 'उष्णता ४३ अंश' मात्र चूकच. अंश तापमानाचे. उष्णता मोजायची ज्यूलमध्ये, नाहीतर कॅलरीत. १ ग्रॅम पाणी १ अंश सेल्सिअसनं तापवायला लागते ती १ कॅलरी, म्हणजे सुमारे ४.१८ ज्यूल. 'तापमान' शब्दातलं 'मान' म्हणजे माप. वस्तू किती तापली त्याचं.

पण व्याख्या राहू द्या, न्हाणीत चला. हिवाळ्यातली सकाळ, बंबातून काढलेलं कढत पाणी बादलीत, आणि शेजारी गार पाण्याची कळशी. त्या कढत पाण्यात आपण जे गार पाणी घालतो ते विसण. (आमची आई 'इसण' म्हणायची.) कढत पाणी ५ लिटर, ९० अंशांचं. विसण १५ लिटर, २० अंशांचं. मिसळलं की बादलीतलं पाणी ३७.५ अंशांवर येतं, अंगाला लागेल न लागेल असं कोमट. कढत पाणी ५२.५ अंशांनी उतरलं, विसण फक्त १७.५ अंशांनी चढलं. अंशांचा हिशोब जुळत नाही. उष्णतेचा जुळतो: एकानं गमावली २६२.५ किलोकॅलरी, दुसऱ्यानं घेतली तेवढीच. थोडी बादलीनं आणि हवेनं खाल्ली, ती सोडून द्या.

याच कारणानं टपरीवरचा कटिंग चहा जीभ पोळतो, पण तो बादलीत ओतला तर बादलीला कळतसुद्धा नाही. चहा जास्त तापलेला, पण घोटभर.

दुसरा शब्द आधण. पातेल्याला आधण आलं की आई चुलीतलं एक लाकूड मागं ओढायची. जळण वाचवायला, एवढंच तेव्हा वाटायचं. पण उकळायला लागल्यावर कितीही जाळ घाला, पाणी आणखी तापत नाही. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, तिथं ते ९८ अंशांच्या आसपासच अडून बसतं. उष्णता तर आत जातेच आहे. ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, दर ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी. पाठ्यपुस्तकात याला 'अप्रकट उष्मा' म्हणतात. वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट लागतो तो यामुळंच. हातावर वाफेचं पाणी होताना ती सगळी उष्णता कातडीत उतरते. मुलीला हे आधण आल्यावर दाखवा, पण लांबून.

आणखी एक उत्तर

वरचं पटलं, फक्त एक दुरुस्ती. काटेकोर भौतिकशास्त्रात पाण्यात उष्णता 'असते' असं म्हणत नाहीत. पाण्यात असते ती आंतरिक ऊर्जा. तापमानातल्या फरकामुळं तापलेल्याकडून गारकडं जी ऊर्जा जाते, ती जाताना उष्णता.

आणि गंमत अशी की यासाठी आपल्याकडं जास्त नेमके शब्द आहेत. झळ. झळ कुठंतरी 'साठून' राहते असं कुणी म्हणत नाही. ती येते, लागते. मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याच्या शेडखाली उभं राहा, डोक्याला जे लागतं ते. धगही तशीच, हुरड्याच्या आगटीजवळ बसलं की तोंडाला लागते आणि पाठ गारच राहते. 'ऊब' मात्र फसवते. गोधडीत ऊब आहे म्हणतो, पण उष्णता देणारं आपलंच अंग. गोधडी फक्त ती बाहेर जाऊ देत नाही. पटत नसेल तर रिकाम्या गोधडीत थर्मामीटर गुंडाळून ठेवा, पारा खोलीएवढाच दाखवेल.

पुन्हा प्रश्नकर्ता

विसणाचं उदाहरण मुलीनं वहीत उतरवलं. पण तिनं आता नवीन काढलंय: मग 'उष्णतेची लाट' का म्हणतात? ती तर तापमानावरूनच ठरते ना?

उत्तर

बरोबर आहे तिचं. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश असेल आणि सरासरीहून साडेचार अंश किंवा त्याहून वर गेलं असेल, तर हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. निकष सगळा अंशांचा. पण 'तापमानाची लाट' कानाला काही बरी लागत नाही, रूढ झालंय ते राहू द्यावं. पेपरातला 'उष्णतेचा पारा' तेवढा मला खटकतो.

आणि एक विचारायचंच राहिलं. परभणीकडं विसण म्हणतात की इसण? लातूरकडच्या कुणी सांगितलं तर तेही लिहून ठेवतो.