मदत हवी आहे: 'मदर इंडिया'तल्या बिरजूवर चर्चा कशी घेऊ?

मंडळी, अमळनेरला आमचा एक छोटा ग्रुप आहे, पिक्चर बघायचा आणि मग चहा घेत त्यावर भांडायचं, एवढंच काम. मागे 'मदर इंडिया' (1957) लावला आणि त्यातल्या राधाच्या धाकट्या पोरावरून, बिरजूवरून, जे पेटलंय ते अजून विझत नाहीये.

आमच्यातले कापूसवाले काका लोक म्हणतात पोराचं काय चुकलं, आजीने घेतलेलं पाचशे रुपये कर्ज, अडाणी लोक, सावकार सुखीलालाने व्याजात पिकाचे चारातले तीन हिस्से लावून घेतले, आईचे कंगन गेले, उपाशी घरात आईवर वाईट नजर, हे सगळं बघत मोठा झालेला पोरगा काय हरिपाठ म्हणणार का? पटतं हो. पण मुलींनी विचारलं, मग सावकाराच्या पोरीला, रूपाला, लग्नातून पळवून नेलं त्याचं काय, तिने कोणतं व्याज घेतलं होतं? सगळे गप. मला स्वतःला मुलींचंच बरोबर वाटतं, आणि आईने, राधाने, बिरजूला गोळी घातली तीही तिथेच ना, त्याने सावकाराचा खून केला त्यावर नाही.

तर परिस्थिती समजून घेणं आणि माफ करणं यातला फरक चर्चेत कसा आणायचा, लेक्चर न देता? आधी कोणता प्रश्न टाकू? पुढच्या वेळी 'उंबरठा' (1982) लावायचाय, सुलभा पोरीला घरी ठेवून नोकरीला जाते म्हणजे बायाच तिच्यावर तुटून पडतील बघा. कोणी अशी चर्चा घेतली असेल तर सांगा भो, लवकर.