ईव्हीला शांत टायर कुठले घ्यावेत? रेंजही जायला नको आणि डोकंही उठायला नको

घूंघूं_त्रस्त

मंडळी, जरा मदत हवीये. इलेक्ट्रिक गाडी आहे, मोटर मागच्या चाकांवर, ४२ हजार किमी झालेत आणि टायर अजून कंपनीतून आलेलेच, २३५/४५ आर १८, बाजूला ९८ डब्ल्यू लिहिलंय. मागचे दोन आता गोटा व्हायला आलेत, नक्षीतल्या त्या झीज दाखवणाऱ्या पट्ट्या असतात ना त्यांच्या बरोबरीला रबर आलंय, पुढच्यांत अजून ४ मिमी तरी असेल. गाडी नवीन होती तेव्हा मागे बसलेला माणूस कुजबुजला तरी ऐकू यायचं, आता ६० च्या पुढे गेलं की मागून एकसारखं घूं घूं घूं, वेग वाढला की सूर पण चढतो, एक्सिलरेटर सोडला तरी थांबत नाही. इंजिनचा आवाज नसल्यामुळे ते झाकायला पण काही नाही.

तीन दिवस टायर बघतोय आणि आता डोकं चालेनासं झालंय. एकाच्या लेबलवर ६९ डेसिबल पण रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा विरोध) सी, दुसऱ्याच्या लेबलवर ७१ आणि ए. काहींवर ईव्ही असं छापलंय, काहींमध्ये आतून फोम असतो म्हणे. त्यात ज्यांनी टायर बदलले ते सगळे सांगतात की नवीन टाकल्यावर रेंज पडली. म्हणजे पैसे घालून रेंज घालवायची? दोनच बदलू की चारही, आणि डेसिबल बघू का ते ए-बी-सी? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रबरमामा

आधी ते ६९ आणि ७१ डोक्यातून काढा. युरोपियन लेबलवरचा तो आकडा गाडीच्या बाहेरचा आहे. इंजिन बंद करून गाडी ८० च्या वेगाने नुसती घरंगळत नेतात आणि साडेसात मीटर लांब उभ्या केलेल्या माइकला जे ऐकू येतं ते छापतात. रस्त्याकडेला राहणाऱ्यांसाठी ते चांगलंच आहे पण तुम्ही आत बसलेले. आत येणारा बराचसा आवाज हवेतून येतच नाही, टायर थरथरतो, ती थरथर रिममधून सस्पेन्शनमध्ये आणि तिथून बॉडीत जाते. त्यामुळे बाहेर शांत असलेला टायर आत घुमू शकतो, आणि उलटही.

ए-बी-सीला मात्र अर्थ आहे, हिशोबच करून दाखवतो. कारच्या टायरला ए म्हणजे एक टन वजनामागे ६.५ किलो किंवा कमी रेझिस्टन्स, सी म्हणजे ७.८ ते ९. माणसं धरून गाडी १९०० किलो समजा. ६.५ आणि ९ मधला फरक निघतो साधारण ४७ न्यूटन, म्हणजे दर किमीला १३ वॉट-तास, मोटर आणि गिअरमधले लॉस धरले तर बॅटरीतून १५ च्या आसपास. तुमची गाडी किमीला १६० खात असेल तर हे नऊ टक्के झाले. ३५० च्या रेंजमधले तीसेक किमी नुसत्या टायरवर. हायवेला १२० ने हाणलं तर हवेचा विरोध इतका वाढतो की टक्केवारीत हे कमी दिसेल, पण वॉट-तास तेवढेच जातात.

फक्त ए च्या नादात ओल्या रस्त्यावरची ग्रिप सोडू नका, लेबलवर तिचं वेगळं अक्षर असतं. पूर्वी रेझिस्टन्स कमी म्हणजे पावसात घसरणारा टायर असं असायचं, रबरात सिलिका आल्यापासून दोन्ही बऱ्यापैकी जमतं. मी तरी ग्रिपला बी च्या खाली जाणार नाही.

चाकोरीबाहेरचा

मामांना +१. माझे दोन पैसे: ईव्ही हे अक्षर म्हणजे काही प्रमाणपत्र नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने छापते. त्यामागे खरं काम असतं हे मान्य, जास्त वजन सोसायला मजबूत बांधणी, लगेच मिळणाऱ्या टॉर्कला टिकणारं रबर, कमी रेझिस्टन्स. मिशेलिनचा ई-प्रायमसी, हँकूकचा आयॉन, ब्रिजस्टोनचा तुरान्झा ईव्ही असे आहेत. पण साध्या टायरमध्येही हेच गुण असू शकतात आणि गाडीला काय छापलंय ते वाचता येत नाही :)

त्यापेक्षा ९८ कडे बघा. तो लोड इंडेक्स, ९८ म्हणजे एका टायरवर ७५० किलो. याच साइजमध्ये ९४ वालेही मिळतात आणि ते ६७० चे. दिसायला सेम टू सेम, बहुतेक वेळा स्वस्त, आणि विकणारा म्हणेल चालतंय की. नाही चालत, बॅटरीचं वजन कुठे जाणार? ९८ च्या खाली उतरूच नका.

आणि एक, १८ चं रिम हवंच आहे का? २१५/५५ आर १७ चा बाहेरचा व्यास जवळजवळ तोच येतो, दोन्ही ६६८ मिमीच्या घरात, आणि त्यात एक्सएल (जास्त वजन सोसणारा) घेतला तर ९८ लोडही मिळतो. रुंदी कमी, साइडवॉल उंच, आवाज आणि खाणं दोन्ही कमी, खड्ड्यात रिम वाकायची भीती पण कमी. पण ब्रेक कॅलिपरवर १७ चं रिम बसतं का आणि कंपनीने ती साइज मंजूर केलीये का ते आधी पक्कं करा. दिसायला गाडी जरा साधी दिसते, आमच्याकडे घरात त्यावरून दोन दिवस अबोला होता.

निवांत_नलू

फोमबद्दल मी सांगते, कारण मी वापरलाय. टायरच्या आतली हवा म्हणजे एक बंद पोकळी, त्यात आवाज घुमतो, साधारण २०० ते २५० हर्ट्झला. खड्डा किंवा जोड गेला की जे पोकळ "बोंऽग" ऐकू येतं ना, बास्केटबॉल आपटल्यासारखं, तेच ते. फोमची पट्टी ते खाते. कॉन्टीसायलेंट, मिशेलिन अकूस्टिक, पिरेलीचं पीएनसीएस, नावं वेगळी, गोष्ट तीच. मला फरक जाणवला पण फक्त त्या बोंगमध्ये. खरबरीत रस्त्यावरचा जो खरखराट असतो, नक्षी रस्त्यावर आपटल्याचा, तो जसाच्या तसा. म्हणजे फोम लावला की लायब्ररी होईल असं वाटत असेल तर नाही होणार.

मोबाइलच्या ॲपवर मोजायला गेले तर आकडा हललाच नाही, तेव्हा मी वैतागले होते. नंतर कळलं की ॲप ज्या डीबी-ए मध्ये मोजतं त्यात खालचे सूर मुद्दाम कमी धरतात, २०० हर्ट्झला तर ११ डेसिबल कापले जातात. कानाला वाटणारी घुमघुम त्यात नीट दिसतच नाही.

आणि पंक्चर. फोमवाला टायर दुरुस्त होतो, तेवढ्या भागातला फोम कापून आतून पॅच मारायचा, पण माझ्या पंक्चरवाल्याने उघडून आत बघितलं आणि सरळ हात वर केले. पंक्चरला ओतायचं जेल सगळ्या फोमवाल्यांना चालत नाही, तेही विचारून घ्या.

अवांतर: खरेदी करताना बाजूचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३२४ असेल तर २०२४ च्या २३ व्या आठवड्यातला.

रबरमामा

नलूताईंनी बरोबर सांगितलं. पण मला मूळ प्रश्नातच वेगळी शंका येतेय. वेगाबरोबर सूर चढतो, मागूनच येतो, एक्सिलरेटर सोडला तरी राहतो. हे टायर वाईट असल्याचं नाही, वाकडे झिजल्याचं लक्षण वाटतंय. मागच्या टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा पुढे एकदा मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट करवतीसारखं लागलं तर समजा. मागच्या चाकांवर मोटर, जोर लावणारी तीच आणि रीजेनमध्ये (मोटरनेच ब्रेक लावून बॅटरी भरताना) ओढून धरणारीही तीच, टायर बिचारे दोन्हीकडून घासले जातात. त्यात रोटेशन (ठरावीक किमीनंतर चाकांची पुढे-मागे अदलाबदल) केलं नसेल तर बघायलाच नको. किती वेळा केलंत?

दुसरं, बेअरिंगही असाच आवाज करतं. फरक असा की बेअरिंगचा आवाज लांब वळणावर वजन एका बाजूला गेलं की बदलतो. खात्री करायची तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावा, कोरड्या रस्त्यावर सावकाश दहा-पंधरा किमी फिरा, आवाज पुढे आला तर टायर, मागेच राहिला तर बेअरिंग. एवढं केल्याशिवाय नवीन टायर टाकू नका, नाहीतर नवे पण वर्षभरात घूं घूं करायला लागतील.

रेंज पडली म्हणतात त्याचं पण सांगतो. जुन्या टायरवर रबर कमी उरलेलं असतं, रस्त्यावर दबून परत उठताना ऊर्जा खाणारं तेच रबर, म्हणून झिजलेला टायर सगळ्यात कमी खातो. शिवाय ६ मिमी झिजलं की चाक लहान होतं आणि गाडी अंतर पावणेदोन टक्क्यांनी जास्त मोजते, ३०० किमी गेलात तर ती ३०५ दाखवणार. म्हणजे जुन्याचं कौतुक थोडं खोटंच होतं. ज्यांनी ए वाला काढून सी टाकला त्यांची खरीच पडली, ते वेगळं.

घूंघूं_त्रस्त

रोटेशन... शून्य वेळा 🙈 गाडीला ऑइल बदलायचं नसतं म्हणून मी सर्व्हिसिंगकडे जरा कानाडोळाच केला.

हात फिरवून बघितला, अगदी करवत! चाकं अदलाबदल केली, आवाज सरळ पुढे माझ्या पायाशी आला. मग अलाइनमेंट केलं तर मागचा टो (चाकं किती आत-बाहेर वळलीत तो कोन) दोन्ही बाजूंनी लाल दाखवत होता, तो सुधारून घेतला. बेअरिंग ठणठणीत. आता सांगा, दोन की चार?

चाकोरीबाहेरचा

एका ॲक्सलवर दोन्ही सारखेच हवेत, त्यात तडजोड नाही. दोनच घेतले तर नवे मागे टाका, मागची चाकं पावसात सुटली की गाडी फिरते. पण पुढचे ४ मिमी म्हणजे तेही फार दिवस नाहीत, आणि पुढे एक जात मागे दुसरी जात असं झालं तर रोटेशन करायची पंचाईत. मी चारही घेतले असते. आणि आता दर ८-१० हजाराला फिरवा हो.

घूंघूं_त्रस्त

तीन आठवड्यांनी अपडेट. चारही घेतले, रेझिस्टन्स ए, ओल्या रस्त्याला ए, लेबलवर ७१, बिनफोमचे, ९८ लोड. १७ चा विषय घरात काढला होता, बोलणं तिथेच संपलं. आवाज म्हणाल तर घूं घूं पूर्ण गेलं, खरबरीत रस्त्यावर खरखर आहे पण ती नवीन असतानाही होतीच. खाणं मात्र आधी किमीला १५८ वॉट-तास होतं ते पहिले ३०० किमी १७१ आलं, आता ९०० झालेत तर १६६ वर आहे. अजून उतरेल का?

निवांत_नलू

थोडं उतरतं, सुरुवातीला रबर रुळायला वेळ लागतो. हवा किती आहे?

घूंघूं_त्रस्त

३६. टायर बसवणाऱ्याने भरली तेवढीच.

रबरमामा

दारावरच्या स्टिकरवर काय लिहिलंय?

घूंघूं_त्रस्त

४२ 😐 तो म्हणाला होता सगळ्या गाड्यांना ३६ च भरतो.

रबरमामा

उद्या सकाळी टायर थंड असताना भरा. चालवून गरम झाल्यावर भरायला जाऊ नका, दर दहा अंशाला दीड-दोन पीएसआय जास्त दाखवतात, मग परत कमीच राहील. आणि मग आकडा सांगा.