प्रेसवर बोटे गेली : मालकाशी तडजोड करावी की आयुक्तांकडे दावा?

इंद्रायणीकाठ (धागाकर्ती)

माझा धाकटा भाऊ चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, ऑपरेटर होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये रात्रपाळीत पॉवर प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची चारही बोटे गेली. अंगठा तेवढा राहिला. तेव्हा त्याला तिसावे वर्ष पूर्ण झाले होते आणि पगार २३,००० रुपये होता. दवाखान्याचा खर्च मालकांनी केला, हे मी नाकारत नाही. मात्र आता त्यांनी पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर एक मसुदा करून आणला आहे. अडीच लाख रुपये घ्यायचे, अपघात स्वतःच्या हलगर्जीपणामुळे झाला असे कबूल करायचे आणि यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही असे लिहून द्यायचे. घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, हातात येते ते घ्या आणि मोकळे व्हा.

माझे मत स्पष्ट आहे. कायद्याने किती रक्कम होते ते मांडून पाहिल्याशिवाय अशा कागदावर सही करू नये. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ प्रमाणे कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. पगार कितीही असला तरी जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी कमाल १५,००० रुपयेच धरतात. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८ आहे, म्हणजे ९,००० गुणिले २०७.९८ केले की १८,७१,८२० रुपये होतात. एका हाताची चार बोटे गेल्यास कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता ५० टक्के घटली असे धरले आहे. त्यानुसार भावाचे किमान ९,३५,९१० रुपये होतात. अडीच लाख आणि सव्वानऊ लाखांहून अधिक, यांतल्या अंतराला 'सलोखा' म्हणणे मला मान्य नाही.

भोसरीचा लघुउद्योजक

ताई, आपल्या भावाच्या बाबतीत जे घडले त्याचे मनापासून वाईट वाटते. माझ्याकडे सहा प्रेस आहेत, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला भाग आहे. आपला हिशेब बरोबर असेल, पण तो कागदावरचा आहे. नुकसानभरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांनी अर्ज तीन महिन्यांत निकाली काढावा असे कायद्यात म्हटले असले तरी प्रत्यक्षात तारखांवर वर्षे जातात, हे या पट्ट्यातल्या कुणालाही विचारा. तोपर्यंत घर कशावर चालवायचे? उलट ज्या मालकाशी संबंध टिकून आहेत, तो स्टोअरमध्ये किंवा तपासणी विभागात बसून करायचे काम देऊ शकतो. तिशीतल्या माणसाला पुढची अठ्ठावीस वर्षे पगार मिळत राहणे हे एकरकमी नऊ लाखांपेक्षा मोठे नाही का? मालकावर दावा लावणाऱ्याला आसपासचे दुसरे कारखानदारही कामावर घ्यायला कचरतात. हे योग्य आहे असे मी म्हणत नाही, पण घडते असेच.

आणखी एक गोष्ट. मोठ्या कंपन्या आम्हाला सुट्या भागांचा दर पैशांत बांधून देतात आणि वेळेत माल पोहोचला नाही तर दंड लावतात. अशा उद्योगावर एका फटक्यात एवढी रक्कम बसली तर बाकीच्या कामगारांचेही काम जाते.

निवृत्त कामगार प्रतिनिधी

लघुउद्योजक साहेबांचा शेवटचा मुद्दा खरा असला तरी त्याचा भार बोटे गेलेल्या माणसाने का उचलावा, हे मला समजत नाही. या जबाबदारीसाठी विमा मिळतो आणि मालकाने तो आधीच काढायला हवा होता. विमा नसेल तर तो मालकाने पत्करलेला धोका आहे, कामगाराने नव्हे.

मुद्रांकावरच्या मसुद्याविषयी तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. नुकसानभरपाईचा हक्क सोडणारा किंवा कमी करणारा करार कलम १७ प्रमाणे तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. एकरकमी रक्कम तडजोडीने ठरली असेल, तर तिचा मसुदा आयुक्तांकडे पाठवून नोंदवून घेण्याचे काम कलम २८ ने मालकावर टाकले आहे. रक्कम अपुरी वाटली, किंवा सही दबावाखाली अथवा फसवून घेतल्याचे दिसले, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदणीसाठी पाठवलाच नाही, तर मालक पूर्ण रकमेला जबाबदार राहतो आणि आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही तर आधी दिलेल्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक वजा करू शकत नाही. ज्यांना खरोखर सलोखा हवा आहे त्यांनी आयुक्तांपुढे यावे. तडजोडीला कायद्याची बंदी नाही.

'हलगर्जीपणा' या शब्दाला घाबरू नका. साध्या चुकीने हक्क जात नाही. मालकाला हे सिद्ध करावे लागते की कामगार नशेत होता, किंवा सुरक्षेचा स्पष्ट नियम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकले. हात आत असताना प्रेस थांबवणारा सेन्सर त्या रात्री चालू होता का?

इंद्रायणीकाठ

सेन्सर बंद होता. उत्पादनाचा आकडा गाठण्यासाठी तो बंद ठेवायला सुपरवायझरने सांगितले होते, असे भाऊ आणि त्याच्या पाळीतले दोन सहकारी सांगतात.

ठाण्याची वाचक

मला दोन्ही बाजूंना एक प्रश्न विचारायचा आहे. एकरकमी पैसा ही तरी चांगली व्यवस्था आहे का? आमच्या नात्यात एकाला अशीच रक्कम मिळाली. कर्ज फेडण्यात आणि बहिणीच्या लग्नात ती दीड वर्षात संपली. पगार २१,००० पर्यंत असता तर कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, आला असता. २०,००० वेतन धरले तर त्याच्या साधारण ९० टक्क्यांचे निम्मे, म्हणजे महिन्याला सुमारे ९,००० रुपये आयुष्यभर मिळाले असते आणि उपचारही. माझ्या मते तीच वाट अधिक माणुसकीची आहे आणि ती वेतनाची मर्यादा न ठेवता सर्वांना खुली करावी.

निवृत्त कामगार प्रतिनिधी

मासिक रकमेचे मोल मान्य आहे. पण ईएसआयचा विमेदार असला की त्या वेळच्या ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मुळे मालकाकडून भरपाई मागण्याचा मार्ग बंद होतो, मग सेन्सर कुणीही बंद केलेला असो. मालकाने वर्गणी भरली की त्याची जबाबदारी संपली, हे मला कधीच पटलेले नाही. शिवाय अपघात झाल्यावर धावपळ करून कामगाराची नोंदणी केल्याची प्रकरणे मी स्वतः पाहिली आहेत.

पुण्यातील वकील

तीन गोष्टी नोंदवतो. अपघात २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीचा असल्यामुळे हक्क जुन्याच कायद्याने ठरतील. त्यानंतरच्या अपघातांना सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू होते.

दुसरी गोष्ट, भरपाई देय झाल्यावर महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के साधे व्याज लागते. या प्रकरणात ५० टक्के अपंगत्व धरले तरी ते वर्षाला १,१२,००० रुपयांच्या पुढे जाते. विलंबाला समर्थनीय कारण नसेल तर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो. तसेच मालकाला जेवढी जबाबदारी मान्य आहे तेवढी रक्कम वाद चालू असतानाही द्यावी लागते. लघुउद्योजक साहेबांनी उपस्थित केलेल्या 'तोपर्यंत घर कशावर चालवायचे' या प्रश्नाचे कायद्यातले उत्तर हे आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ५० टक्के हा आकडा अंतिम मानू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबता या निकालात, डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराचे अपंगत्व पूर्ण धरले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. प्रेस ऑपरेटरच्या उजव्या हाताबाबत हा युक्तिवाद जरूर मांडावा. मात्र दिवाणी न्यायालयात नुकसानीचा दावा आणि आयुक्तांकडे अर्ज, हे दोन्ही करता येत नाहीत. दिवाणी दाव्यात निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, आयुक्तांपुढे तो करावा लागत नाही. म्हणून मी आयुक्तांचा मार्ग सुचवीन.

भोसरीचा लघुउद्योजक

नोंदवलेल्या तडजोडीचा मुद्दा मला मान्य आहे. मुद्रांकावरच्या कागदाने प्रकरण मिटते असाच माझाही समज होता. नोकरीविषयीचे माझे म्हणणे मात्र कायम आहे. ताई, रकमेसोबत पर्यायी कामाचे आश्वासनही त्याच तडजोडीत लिहून मागा.

इंद्रायणीकाठ

ते मागणार आहोत. काम मिळाले तर भाऊ आनंदाने करील, पण त्याच्या बदल्यात हक्काची रक्कम सोडणार नाही. आयुक्तांकडे अर्ज करण्याची दोन वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते, म्हणून थांबायचे नाही असे ठरवले आहे. औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, त्यामुळे सोमवारी शिवाजीनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाणार आहोत. बँकेचा उतारा, दवाखान्याचे कागद आणि सही न केलेला तो मसुदा सोबत नेत आहोत. भाऊ आता डाव्या हाताने सही करतो. बँकेत ती नोंदवली आहे आणि अर्जावरही तीच असेल.